बसवायचं ठरलंय

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२६

उत्कर्षा मॅडम यांना नमस्कार.

मी प्रियंका, डॉ. सिद्धराम यांची पत्नी. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. ते गेल्याचा फोन मला आपणच केला होता. त्या वेळी मी काय बोलले ते आठवत नाही. आपण म्हणालात, "दादा कामावर निघाले होते, वाटेत गोळी लागली." एवढं वाक्य लक्षात राहिलं.

मला फोनवर बोलता येत नाही. आधीही फारसं येत नव्हतं. म्हणून मेल करते आहे.

मागच्या आठवड्यात त्यांचं सामान आलं. कपडे, जनावरं तपासायची बॅग, आणि निघताना मी दिलेली चादर. त्यांचा फोन त्यात नव्हता. सामानाबरोबर आपल्या कार्यालयाच्या प्रमुखांचं पत्र होतं. कागद चांगला आहे, भाषाही चांगली आहे. मी चिंचोळी एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. त्या कामामुळे एक सवय लागली आहे. काय लिहिलं आहे त्याआधी काय लिहिलेलं नाही ते दिसतं. गेल्या वर्षी आपल्याच कार्यालयातले एक ड्रायव्हर गेले. त्यांच्या घरच्यांना पाठवलेलं पत्र आपल्या वेबसाइटवर आहे. त्यात 'कर्तव्यावर असताना' असे शब्द आहेत. यांच्या पत्रात ते नाहीत. 'दुर्दैवी घटनेत' असं आहे.

टाइप करताना राहिलं असेल तर तसं सांगा, मी विसरून जाईन. राहिलं नसेल तर ते त्या संध्याकाळी कुठं निघाले होते ते सांगा.

सासूबाई विचारतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण 'कामावर गेला' आणि नुसतं 'गेला' यातला फरक कळतो.

आपली,
प्रियंका


केरुंबा,
११ फेब्रुवारी २०२६

प्रियंकावहिनी,

आधी ते 'मॅडम' काढून टाका. मीही सोलापूरचीच. घर सात रस्त्याजवळ, मूळ गाव मंद्रूप. इथं सिद्धरामदादांची ओळख झाली त्या दिवशी आम्ही कामाबद्दल एक अक्षर बोललो नाही, अर्धा तास शेंगाचटणीवरच बोललो. परमुलखात आपल्या बोलीचं माणूस भेटलं की काय होतं ते तुम्हाला कसं सांगू! सगळ्या कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

इथली परिस्थिती तुम्हाला माहीत नसेल, कारण या देशाच्या बातम्या तिकडे येतच नाहीत. नोव्हेंबरात निवडणूक झाली, यादवी संपल्यानंतरची पहिली. हरलेल्या जनरलने निकाल मानला नाही. शेतकरी बहुतेक जिंकलेल्या पक्षाचे, मेंढपाळ बहुतेक जनरलचे. दोघांच्याही घरात बंदुका आहेत. आमचं आंतरराष्ट्रीय कार्यालय इथं आहे ते पुन्हा युद्ध पेटू नये म्हणून. पाण्याचे, चराईच्या वाटांचे तंटे मिटवायचे, दोन्हीकडच्यांना एका खोलीत आणायचं. दादांची चराई समिती ही एकच अशी होती की तिच्या बैठकीला दोन्ही बाजूंची माणसं येत. येऊन भांडत, पण येत. आम्हाला कोणाची बाजू घ्यायची परवानगी नाही. इथला पहिला नियम तोच.

त्या संध्याकाळी दादा खासगी कामासाठी बाहेर पडले होते. गावाबाहेर रस्त्याला फाटा फुटतो, त्याच्या अलीकडे गाडी सापडली. चौकशी चालू आहे. त्यांचा फोन चौकशी समितीकडे आहे.

वहिनी, धाकट्या बहिणीसारखं सांगते, अहवाल मागू नका. आलेलं पत्र मनापासून लिहिलेलं आहे. तेवढं जपून ठेवा.

तुमची,
उत्कर्षा


सोलापूर,
१४ फेब्रुवारी २०२६

उत्कर्षा मॅडम,

आपलं पत्र मिळालं. फोनवर आपण 'कामावर' म्हणाला होता. पत्रात 'खासगी कामासाठी' आहे. दोन्ही खरं असू शकत नाही.

निवडणुकीनंतरचा तो देश. रस्त्यावर गोळीबार होतो आहे. अशा संध्याकाळी माणूस खासगी कामाला कुठं जातो? तिथं त्यांचं खासगी कोण होतं?

ते मला दर रविवारी फोन करत. आपलं नाव त्यांच्या बोलण्यात यायचं. आपण भाकरी थापता, कडेला फाटते, पण चव गावाची येते, असं म्हणाले होते. मी तेव्हा हसले होते. आता नवं काही कळलं की मी जुनं सगळं परत तपासते. आपण मला वहिनी म्हणता, बहीण म्हणता, आणि विचारू नका म्हणता. जिला काही लपवायचं नसतं ती 'विचारू नका' म्हणत नाही.

मला वाईट शब्दांत लिहिता येत नाही. काय विचारते आहे ते आपल्याला कळलं असेल. असेल तर 'हो' लिहा. मी सासूबाईंना सांगणार नाही.

प्रियंका


केरुंबा,
२० फेब्रुवारी २०२६

प्रियंकावहिनी,

तुमचं पत्र वाचून उठले आणि छावणीभोवती दोन चकरा मारून आले. मगच लिहायला बसले, नाहीतर भलतंच लिहून गेले असते.

नाही. तुम्ही समजता तसलं काहीही नव्हतं. मी त्यांना राखी बांधली होती, आमच्या स्वयंपाकघरातल्या सुतळीची. हे पटत नसेल तर माझा इलाज नाही.

पण लपवत होते हे खरं. तुमच्यासाठी लपवत होते. आता ऐकाच.

त्या संध्याकाळी निघताना दादांनी मला व्हॉइस मेसेज पाठवला. आपण जनरलच्या वाड्यावर चाललो आहोत, त्याला खुर्चीवर बसवायचं ठरलं आहे, हे कुणाला सांगू नका, सकाळी येतो, असा. हरलेला माणूस बंदुकीच्या जोरावर खुर्चीवर बसणार, आणि आपला डॉक्टर त्या बैठकीला चाललेला! चौकशी समितीपुढे तो मेसेज गेला. त्यानंतर 'कर्तव्यावर असताना' हे शब्द लिहायला कोणी तयार होईना. पक्षपात केला, असंच समितीचं मत पडलं आहे. अहवालावर अजून सही झालेली नाही, पण होईल.

गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. बातमी बाहेर फुटली. डॉक्टर जनरलचा माणूस होता, हे कळल्यापासून शेतकरी चराई समितीच्या बैठकीला येत नाहीत. मागच्या आठवड्यात एका विहिरीवर दोन पोरं मारली गेली. दादांनी वर्षभर जे उभं केलं ते त्यांच्याच नावामुळे पडतं आहे, हे मी रोज बघते आहे.

मला तुम्हाला हे कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही मागितलंत म्हणून दिलं.

उत्कर्षा


सोलापूर,
१५ मार्च २०२६

उत्कर्षा यांना,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आपल्यावर घेतलेला संशय मी मागे घेते. माफी मागते.

त्यांच्याबद्दलचं मात्र मला पटलं. पटायला नको होतं. डिसेंबरात एका रविवारी ते फोनवर म्हणाले होते, "प्रियंका, माणसं टेबलाला बसून हे भांडण मिटायचं नाही. माणसांच्या आधी दुसरं कुणीतरी बसलं पाहिजे." आणि हसले होते. मी विचारलं, कोण? तर म्हणाले, "झालं की सांगतो." आपलं पत्र वाचलं तेव्हा ते वाक्य आठवलं. दुसरं कुणीतरी म्हणजे जनरल, असं मी धरलं. ते हसले का होते, हे मात्र कळलं नाही.

फोटो भिंतीवर आहे. हार घालणं मी थांबवलं आहे. घरी कोणी विचारलं नाही.

एक विनंती आहे. आमच्या लॅबमध्ये दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट आला तर मी त्यावर सही करत नाही. मूळ नमुना मागवते. आपण लिहिलं ते त्यांच्या बोलण्याचं सार आहे. मला त्यांचे शब्द पाहिजेत. कमी-जास्त न करता, जसे असतील तसे. एवढं दिलंत की मी पुन्हा लिहिणार नाही.

प्रियंका


केरुंबा,
१८ मार्च २०२६

वहिनी,

मूळ फोन माझ्याकडे नाही, पण मेसेज माझ्या फोनवर आहे. त्यांचा आवाज तुम्हाला एकटीला घरात ऐकू यावा असं मला वाटत नाही, म्हणून लिहून पाठवते. असा आहे:

"उत्कर्षाताई, वाड्यावर चाललोय. आज बसवायचं ठरलंय. कुणाला बोलू नका इतक्यात. सकाळी येतो, मग सगळं सांगतो."

एवढंच. यात 'जनरल' हा शब्द नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते. इथं मराठी माणसं जास्त होती तेव्हा आम्ही जनरलच्या घराला 'वाडा' म्हणायचो. मोठी भिंत, लोखंडी दार, दारात बंदूकवाले. सिनेमातल्या पाटलाची नक्कल करत "वाड्यावर बोलावलंय" असं म्हणून हसायचो, दादासुद्धा. फाट्यावरून डावीकडे गेलं की ते घर लागतं. त्यामुळे भाषांतर करताना कंसात 'जनरलचं निवासस्थान' असं घालावं लागलं, नाहीतर परदेशी लोकांना काय कळणार?

वेगळा अर्थ निघण्याजोगं यात काही नाही. मी पुष्कळदा ऐकला आहे.

उत्कर्षा


सोलापूर,
२९ मार्च २०२६

उत्कर्षा,

हे पत्र नीट वाचा. मी ते लिहून तीनदा तपासलं आहे.

'भाषांतर करताना घालावं लागलं' असं तुम्ही लिहिलं आहे. याचा अर्थ भाषांतर तुम्ही केलं. आधीच्या पत्रात 'समितीपुढे मेसेज गेला' एवढंच होतं. हे आधी नोंदवून ठेवते.

काल सुट्टी होती. मी मंद्रूपला गेले होते, तुमच्या गावी. सासूबाई आणि माझे थोरले दीर येडूभाऊजी सध्या मेंढरं घेऊन तिकडं आहेत. आमचं गाव सांगोल्याकडं. पण ज्वारी निघाली की मेंढरं चारत ते भीमेच्या बाजूला येतात आणि पावसाला परत जातात. मुलगा गेला म्हणून मेंढरं उपाशी ठेवता येत नाहीत, त्यामुळे सासूबाई दिवस झाल्यावर लगेच गेल्या. यंदा पाडव्याला आमच्याकडं गुढी नव्हती. सासूबाईंना मुलाचं खरं काय ते सांगून टाकावं, असं ठरवून मी गेले होते.

सांगता आलं नाही. त्यांनी विचारल्याशिवाय शेळीच्या दुधाचा चहा दिला. मी तो घेऊन बांधावर बसले. तेवढ्यात चनबसप्पा नावाचे एक शेतकरी मोटारसायकलवर आले. उतरायच्या आधीच बोलायला लागले.

"काय वो बाळाबाई, आमचं रान काय नासलंय व्हय? ह्यांच्याच रानात किती दिस मुक्काम?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या रानातली बोराटी काडली का आदी? मागल्या साली माजी दोन कोकरं लंगडी झाली."

"काडली की! काडताना अंगठा फुटला माजा. हे बगा."

"अंगठा बगून मेंढरं येत न्हाईत," येडूभाऊजी म्हणाले. "जवारी दावा."

"जवारी घरात हाय, अंगठा संगं हाय. जे संगं हाय ते दावलं!" सगळे हसले. मग चनबसप्पा आवाज खाली घेऊन म्हणाले, "आता बदलू नका बरं का. उद्या वाडा आमच्या रानात बसवायचं ठरलंय. पन कुनाला बोलू नका इतक्यात. त्यो शेजारचा लई वंगाळ हाय, वाटंतच अडवून आपल्या रानात वडून न्हेतोय."

मी कप खाली ठेवला. त्यांना म्हटलं, "परत म्हणा."

"काय परत म्हनू?"

"आत्ता म्हणालात ते."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. "ह्या कोन?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"आमच्या डाक्टरची बायकू."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळं वाक्य परत म्हटलं, शाळेत उभं केल्यासारखं.

उत्कर्षा, आमच्यात वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. रानात चारी बाजूंनी जाळी लावायची आणि रात्री मेंढरं आत कोंडायची, तो वाडा. शेतकऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरं ठेवण्याला 'बसवणं' म्हणतात. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, शेतकरी मेंढक्याला धान्य देतो. ज्याच्या रानात मेंढरं बसली, त्याचं आणि मेंढक्याचं त्या वर्षी भांडण होत नाही, कारण दोघांनाही पुढच्या वर्षी गरज असते. आणि ठरलेलं आधी बोलायचं नाही, कारण तिसरा येऊन मोडतो.

माणसांच्या आधी दुसरं कुणीतरी बसलं पाहिजे. ते का हसले होते ते मला काल कळलं.

मी तुमच्या चुकीवर बोट ठेवत नाही. मी त्याच घरची सून आहे. लग्न झाल्यापासून "येडू कुटं हाय?" "वाड्यावर हाय की," हे ऐकते आहे. तरी तुमच्या पत्रात 'जनरल' आधी वाचला आणि मग 'वाडा', म्हणून मलाही भिंत आणि लोखंडी दारच दिसलं. वाढले सोलापुरात. मेंढरं घरच्यांची, माझी नव्हेत, असंच मनात धरून राहिले.

मला आता तीन गोष्टी पाहिजेत.

एक, त्या फाट्यावरून उजवीकडं काय आहे ते मला कळवा.

दुसरी, तिथल्या मेंढपाळांना जाऊन विचारा. जनरलचं विचारू नका. मेंढरं कुठं बसवायची होती ते विचारा.

तिसरी. ते तुम्हाला म्हणाले होते, कुणाला बोलू नका. मेसेज संध्याकाळी आला. गोळी त्यानंतर लागली. मधल्या वेळात तुम्ही तो कुणाला सांगितला होता का?

प्रियंका


केरुंबा,
१७ एप्रिल २०२६

प्रियंकावहिनी,

फाट्यावरून उजवीकडे शेतं आहेत.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी वडिलांना फोन केला. काही न सांगता विचारलं, "आण्णा, आपल्या मंद्रूपला 'बसवायचं ठरलंय' म्हणजे काय?" आण्णा म्हणाले, "कुठल्या महिन्यात?" मी म्हटलं, सुगी झाल्यावर. "मग मेंढरं. दुसरं काय बसवणार रानात? का, तुला तिकडं मेंढरं घ्यायचीत का?" मी फोन ठेवला. माझ्या आजोबांच्या रानात दरवर्षी वाडा बसत होता. मी सुट्टीत जायची ती पंख्याखाली पुस्तक घेऊन पडायची.

दुसऱ्या दिवशी आदूमकडे गेले. आदूम म्हणजे इथल्या मेंढपाळांमधला सगळ्यात म्हातारा, दादांच्या समितीतला. दुभाषा बरोबर होता. तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं.  तो म्हणाला, "तुमचे लोक तीनदा येऊन गेले. जनरल कुठं होता, जनरल काय म्हणाला. आम्ही सांगितलं, माहीत नाही. मेंढरांचं आजवर कोणी विचारलं नाही."

मग तो आम्हाला ओलिवाच्या शेतात घेऊन गेला. ओलिवा विधवा आहे, जिंकलेल्या पक्षाची, समितीत सगळ्यात मोठ्याने भांडणारी. आदूमला बघून तिने आधी शिव्या दिल्या. दुभाष्याने त्या मला सांगितल्या नाहीत. नंतर कळलं, त्या प्रेमाच्या होत्या. दोघांनी मिळून सांगितलं ते असं. दादा तीन महिने तिच्या मागे लागले होते. आमच्याकडं असं करतात, एकदा करून बघ, म्हणत होते. ती म्हणाली, माझी माणसं मला जाळतील. दादा म्हणाले, आधी बोलूच नकोस, पीक आलं की तेच बोलेल. त्या संध्याकाळी आदूम मेंढरं घेऊन आला. काट्याचं कुंपण घातलं, मेंढरं आत घेतली. दोघं डॉक्टरची वाट बघत बसले, कारण कुंपणाची शेवटची फांदी त्याने लावायची असं ठरलं होतं. एक फांदी बाजूला ठेवून दिली होती. सकाळी बातमी आली. तेव्हापासून दोघंही भीतीने गप्प होते. तिला वाटत होतं, तिच्या लोकांनी मारलं. त्याला वाटत होतं, त्याच्या लोकांनी. ओलिवा समितीतून बाहेर पडली ती त्यामुळे.

इथं पाऊस लवकर झाला. तिचा मका वीतभर आला आहे. शेताच्या मधोमध एक चौकोन आहे, तिथला मका काळपट हिरवा आणि बाकीच्याच्या दुप्पट. न सांगता दिसतो. मी तिथं उभी राहिले. काय लिहू?

चौकशी प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "भाषांतर तुमचं, दुरुस्तीही तुमची. दोन्हींतलं कुठलं खरं धरू?" बरोबरच होतं त्यांचं. मग आदूम आणि ओलिवा दोघांचे जबाब झाले. चौकशी प्रमुख स्वतः शेतात जाऊन तो चौकोन बघून आले. अहवालातला पक्षपाताचा परिच्छेद काढला आहे. नवं पत्र तुम्हाला येईल.

ओलिवाने शेतकऱ्यांच्या सभेत उभं राहून सगळं सांगितलं. काही जण बैठकीला परत आले. काही म्हणतात, ही गोष्ट कार्यालयाने रचली. विहिरीवर पुन्हा काही झालेलं नाही. एक जण आदूमला विचारून गेला म्हणे, पुढच्या सुगीला मेंढरं कुठं असतील.

गोळी कोणी झाडली ते अजून कळलेलं नाही. कळेल असं वाटत नाही.

मी जूनमध्ये रजेवर येते आहे. दादांचा आवाज या मेलसोबत जोडला आहे. तुम्ही मागितला नव्हता, पण तो तुमचाच आहे. नेटवर्क जातंय, इथंच थांबते.

उत्कर्षा


सोलापूर,
१० मे २०२६

उत्कर्षा,

नवं पत्र आलं. 'कर्तव्यावर असताना' असे शब्द आहेत, दुसऱ्याच ओळीत. मी ते घेऊन काल वाड्यावर गेले. ऊन फार होतं. मेंढरं लिंबाखाली होती.

सासूबाई म्हणाल्या, "काय लिवलंय?"

"कामावर असताना गेले, असं लिहिलंय."

"कुटल्या कामावर?"

मी म्हटलं, "वाड्यावर चालले होते. तिथल्या एका बाईच्या रानात मेंढरं बसवायची होती."

 त्यांच्या पायाशी एक कोकरू आलं होतं, त्याच्या कानातली गोचीड काढत होत्या. मग म्हणाल्या, "मग बसला का वाडा?"

"बसला."

"त्याच्याबिगर?"

"व्हय," मी म्हटलं.

"रान कसं आलं?"

मी तुम्ही लिहिलेलं सांगितलं. चौकोन, दुप्पट उंची, सगळं. त्यांनी येडूभाऊजींना हाक मारली आणि तेच पुन्हा त्यांना सांगायला लावलं. मग पदर तोंडाला लावून मेंढरांच्या मागे गेल्या. ते गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

घरी येऊन हार घातला. आवाज ऐकला. "सकाळी येतो" म्हणताना ते हसत आहेत. हे लिहून कळत नाही, तुम्ही पाठवलंत ते बरं केलंत.

तुम्ही जे केलंत ते दुसरं कोणी केलं नसतं. आपली चूक स्वतः घेऊन जाऊन दाखवली. हे मी मनापासून लिहिते आहे.

मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. पहिलीचं उत्तर तुमच्या पत्राच्या पहिल्या ओळीत आहे. दुसरीचं पानभर आहे. तिसरीचं नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमच्याकडं नियम आहेत हे मला माहीत आहे. असा मेसेज आला तर ज्याला कळवायचं त्याला त्याच संध्याकाळी कळवावं लागत असेल. तो पुढं आणखी कोणाला कळवत असेल. मी फक्त समजून घेते आहे. तुम्ही तेव्हा जे समजलात ते समजून कोणीही तेच केलं असतं, असंही मी स्वतःला सांगून पाहते.

मेलवर मी हे पुन्हा विचारणार नाही, आणि तुम्हीही मेलवर उत्तर देऊ नका.

जूनमध्ये याल तेव्हा मेंढरं गावाकडं परतलेली असतील. सांगोल्याला उतरून फोन करा, येडूभाऊजी न्यायला येतील. सासूबाई तुमची वाट बघत आहेत. आपल्या लेकाचं रान डोळ्यांनी बघून आलेली पोरगी, असं त्या तुम्हाला म्हणतात. तुम्ही नको म्हणालात तरी त्या चहा देतील.

तो पिऊन होईपर्यंत मी काही विचारणार नाही.

प्रियंका